भौतिकशास्त्राच्या इतिहासावर बोलणार आहात? आधी या चुका टाळा

जानेवारी सरत आला की माझ्याकडे वह्या यायला लागतात. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन तोंडावर असतो, शाळा-कॉलेजांत भाषणं आणि निबंध असतात, आणि जळगाव, पाचोरा, चोपडा, धुळे अशा ठिकाणांहून मुलं येतात, "सर, एवढं बघून द्या." मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी या विषयाच्या इतिहासात आणि तत्त्वज्ञानात घातली. त्यामुळे वह्या आनंदानं बघतो. पण चुका दरवर्षी त्याच असतात. लाल पेनानं तेच शेरे पुन्हा पुन्हा मारण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

'आधी कोणी शोधलं' ही शर्यत

मला सर्वांत जास्त छळणारी चूक हीच. आपल्या भागात तिचं वाक्यही ठरलेलं आहे: "न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला." चाळीसगावजवळचं पाटण आपलं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं काढलेल्या मठाची आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद तिथे सापडलेल्या शिलालेखात आहे. त्यामुळे हे वाक्य बोलताना खानदेशी माणसाची छाती भरून येते. माझीही यायची.

पंचवीसेक वर्षांपूर्वी चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत मी हेच ठणकावून सांगितलं. श्लोकाची पहिली ओळ म्हटली, टाळ्या पडल्या. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतले एक वृद्ध उभे राहिले. ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक होते. म्हणाले, "सर, आता दुसरी ओळ म्हणा." मला ती येत नव्हती. पहिली ओळ मी एका मासिकातून उचलली होती, मूळ ग्रंथ उघडलाच नव्हता. मग त्यांनीच मंडपात अख्खा श्लोक शांतपणे म्हटला:

आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या।
आकृष्यते तत्पततीव भाति समे समन्तात् क्व पतत्वियं खे॥

पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. त्या शक्तीनं आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, आणि वस्तू पडते आहे असं वाटतं. इथवर सगळे येतात आणि थांबतात. दुसऱ्या ओळीचा शेवट मात्र विचारतो की सगळ्या बाजूंनी सारखंच आकाश असताना ही पृथ्वी पडणार तरी कुठे?

"बघा," गुरुजी म्हणाले, "वस्तू खाली का येते हा त्यांचा मुख्य प्रश्नच नाही. पृथ्वी निराधार असून पडत का नाही, हा आहे." मग त्यांनी भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या 'गोलाध्याया'तला, या श्लोकाच्या आधीचा युक्तिवाद सांगितला. पृथ्वीला कुणीतरी धरून ठेवलंय असं मानलं, तर त्या धरणाऱ्याला कोण धरतो? त्यालाही दुसरा, मग तिसरा. याला शेवट नाही. ही अनवस्था. शेवटच्याला 'स्वतःच्या शक्तीनं उभा आहे' असंच म्हणणार असाल, तर ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीलाच का देत नाही? गुरुजींचं बोलणं अर्ध्यावर असतानाच मागच्या सतरंजीवरून एक आजोबा म्हणाले, "मंग त्या कासवले कोनी धरेल शे, भाऊ?" बाराव्या शतकातला युक्तिवाद त्यांनी आमच्या आधी अहिराणीत पुरा केला होता.

त्या रात्री परतताना बसमध्ये मला एकच गोष्ट टोचत होती. हातात अस्सल सोनं असताना मी त्यावर दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारत होतो. न्यूटननं १६८७ साली जे केलं ते वेगळ्या जातीचं काम आहे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या साधारण साठ त्रिज्या दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तिथे ती ३६०० पट कमी हवी. मग इथे दगड एका सेकंदात जेवढा पडतो, तेवढाच चंद्र एका मिनिटात पृथ्वीकडे पडायला हवा. आकडा जुळतो. जमिनीवरचा दगड आणि आकाशातला चंद्र एकाच हिशेबात बसवणं, हा न्यूटनचा पराक्रम. 'सिद्धान्तशिरोमणी'त हा हिशेब नाही, कारण तो प्रश्नच तिथे विचारलेला नाही. भास्कराचार्यांना वाखाणायचंच असेल, तर त्यांची 'तात्कालिक गती' घ्या. ग्रहाची त्या क्षणाची गती किती, या विचारात कलनशास्त्राचं बीज दिसतं. भाषणात मात्र ती कुणी घेत नाही, कारण समजून घ्यायला दोन रविवार लागतात आणि शर्यतीचं वाक्य पाठ करायला अर्धा मिनिट.

उलट टोकाची मुलंही येतात. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे काहीच नव्हतं. त्यांनीही ग्रंथ उघडलेला नसतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुणाबद्दलही लिहायच्या आधी वहीच्या डाव्या पानावर दोनच ओळी लिहितो: याच्यासमोर प्रश्न कोणता होता? आणि त्या वेळी त्याला काय ठाऊक असणं शक्य नव्हतं? डावं पान कोरं असेल तर उजव्या पानाला हात लावत नाही.

सफरचंद, पिसाचा मनोरा वगैरे

सफरचंदाची आठवण न्यूटननं उतारवयात, १७२६ साली, विल्यम स्ट्यूकलीला सांगितली. त्यात सफरचंद डोक्यावर पडलेलं नाही. पिसाच्या मनोऱ्यावरून लोकांसमोर गोळे टाकल्याची गोष्ट गॅलिलिओच्या लिखाणात नाही. ती त्याचा शिष्य व्हिव्हियानी यानं लिहिलेल्या चरित्रातली. गॅलिलिओनं खरोखर केलेलं काम म्हणजे उतरत्या फळीवरून गोळी सोडणं आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजणं. हे तुम्ही घरी करू शकता. करा, आणि मग लिहा.

हरलेल्या सिद्धान्ताची टिंगल

ही माझी दुसरी दुखरी जागा. मुलं लिहितात, "पूर्वी लोकांना वाटायचं की उष्णता हा एक द्रव आहे. नंतर विज्ञानानं ही अंधश्रद्धा दूर केली." एकदा एका मुलानं हे वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मी त्याला फळ्यावर उष्मा-इंजिनाच्या कमाल कार्यक्षमतेचं सूत्र लिहायला लावलं. त्यानं झटक्यात लिहिलं: एक वजा थंड बाजूचं तापमान भागिले गरम बाजूचं तापमान. विचारलं, "याच्या मुळाशी असलेला विचार कुणी मांडला?" "कार्नो." "कधी?" "१८२४." "तेव्हा कार्नो उष्णतेला काय समजत होता?" मुलगा गप्प.

सादी कार्नो उष्णतेला कॅलरिक, म्हणजे कधी न आटणारा द्रवच समजत होता. धबधब्याचं पाणी उंचावरून खाली येताना चाक फिरवतं, तसा कॅलरिक गरम बाजूकडून थंड बाजूकडे उतरताना इंजिन चालवतो, हे त्याचं चित्र. चित्र चुकीचं होतं. त्यातून निघालेला निष्कर्ष, की आदर्श इंजिनाची कार्यक्षमता केवळ दोन तापमानांवर अवलंबून असते, तो आजही खरा आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातली वाफही त्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा कार्नो अठ्ठावीस वर्षांचा होता. आठ वर्षांनी तो पटकीनं गेला. त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांत त्यालाच कॅलरिकची शंका आल्याचं दिसतं, पण ती टिपणं छापली गेली १८७८ साली.

कॅलरिक मानणारे मूर्ख नव्हते. गरम वस्तू फुगते, कारण तिच्यात काहीतरी भरलं गेलं. गरम आणि थंड पाणी मिसळलं की एकानं सोडलेली उष्णता दुसऱ्यानं घेतलेली असते आणि हिशेब चोख जुळतो. जोसेफ ब्लॅकनं १७६० च्या दशकात अप्रकट उष्णता (वितळताना किंवा वाफ होताना तापमान न वाढता घेतली जाणारी उष्णता) मांडली, तीही या चित्रात छान बसली. मे महिन्यात जळगावात कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारा गार वारा खाताना आपण त्याच उष्णतेचा फायदा घेत असतो. चित्र फाटलं ते घर्षणापाशी. तोफेच्या नळीला भोक पाडताना ती तापते हे रम्फर्डनं पाहिलं आणि १७९८ साली मांडलं. घासत राहा, उष्णता निघतच राहते. साठवलेला द्रव असा न संपता कसा येईल? तरीही पुढे जवळजवळ पन्नास वर्षं, कार्यातून किती उष्णता निघते याची ज्यूलची मोजमापं होऊन क्लॉझियसनं १८५० मध्ये त्यांची कार्नोच्या निष्कर्षाशी सांधेजोड करेपर्यंत, शहाणी माणसं कॅलरिकला धरून होती. ती का धरून होती, हे सांगता आलं तर तुमचा लेख इतिहासाचा. नाही तर तो निकालपत्रक.

'अंधश्रद्धा' हा शब्द मी अशा वह्यांतून सरळ खोडतो.

पॉपरचं सूत्र सगळीकडे लावणं

तत्त्वज्ञानाचा एकच परिच्छेद वाचलेली मुलं ओळखू येतात. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याच्या नावावर ती लिहितात, "एक निरीक्षण विरोधात गेलं की सिद्धान्त बाद." मग युरेनसचं काय? तो न्यूटनच्या गणितानं काढलेल्या वाटेनं जात नव्हता. ले व्हेरियेनं न्यूटनला बाद केलं नाही, बाहेर आणखी एक ग्रह असावा असं मानून त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यानं दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा थोडी सरकते आहे हे दिसल्यावर त्याच ले व्हेरियेनं तीच युक्ती केली, सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह मानला. लोकांनी अनेक वर्षं शोधला, मिळाला नाही. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धान्तानं भरून काढला. माणूस तोच, युक्ती तीच. एकदा ग्रह मिळाला, एकदा अख्खा सिद्धान्त बदलावा लागला. कधी काय करायचं हे आधी सांगणारं सूत्र असतं तर हा विषय एका तासात शिकवून झाला असता. पॉपरचं स्वतःचं लिखाणही त्या एका वाक्यापेक्षा पुष्कळ बारकाईचं आहे. ते वाचा.

दोन शब्द जपून वापरा

'सापेक्ष': आइन्स्टाइननं "सगळं सापेक्ष आहे" असं सिद्ध केलं नाही. त्याच्या १९०५ च्या लेखाचा पाया काय बदलत नाही यावर आहे: निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग आणि भौतिकीच्या नियमांचं रूप.

'निरीक्षक': पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) मोजणी करायला मन लागत नाही, यंत्र पुरतं, असंच बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ धरून चालतात. मोजणीचा नेमका अर्थ काय, हा वाद खरा आहे आणि अजून मिटलेला नाही. म्हणून त्या फटीत वेदान्त कोंबू नका. ज्यांना वेदान्ताची ओढ आहे त्यांनी वेदान्त नीट शिकावा. आपल्या अमळनेरात श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तत्त्वज्ञान हा सवडीचा नव्हे, मेहनतीचा विषय आहे हे खानदेशानं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

तारखा जुळत नाहीत तेव्हा

"गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला." वाक्य गोड आहे, पण त्यात दोन दिनदर्शिका मिसळल्या आहेत. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, ही नवी (ग्रेगोरियन) दिनदर्शिका. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या जुन्या (ज्यूलियन) दिनदर्शिकेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ चा, नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ४ जानेवारी १६४३ चा. दोघांना एकच माप लावलं की योगायोग विरतो. पाटणच्या शिलालेखाबाबतही हेच. शके ११२८ चं कुणी १२०६ करतं, कुणी १२०७. शके वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून ७८ मिळवायचे की ७९ हे महिन्यावर ठरतं. त्यात जुन्या शिलालेखांत गत शके (सरलेलं वर्ष मोजलेलं) की चालू शके (सुरू असलेलं वर्ष मोजलेलं) हेही बघावं लागतं. मी वहीत आधी मूळ तारीख जशीच्या तशी उतरवतो, रूपांतर तिच्या खाली.

लेख पुढे सरकत नसेल तर

बहुतेक वेळा डावं पान कोरं असतं. गेल्या वर्षी एरंडोलकडची बीएस्सी पहिल्या वर्षाची एक मुलगी सोळाव्या शतकातला खगोलनिरीक्षक टायको ब्राहे याच्यावर लिहीत होती. चार मसुदे झाले. प्रत्येकात तेच कोडं होतं: इतका बारीक मोजणारा माणूस पृथ्वी स्थिर का मानत होता? तिनं 'धर्माचा पगडा' असं लिहून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. मी तो मसुदा परत दिला. तिला गच्चीवर जाऊन हात लांब करायला सांगितला, अंगठा एकदा एका डोळ्यानं बघ, मग दुसऱ्या डोळ्यानं. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतरानं बघताना जवळचे तारे असेच सरकायला हवेत. टायकोची मोजणी साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे साठ विकलांपर्यंत अचूक होती, तीही दुर्बिणीशिवाय. तारे असे सरकताना पहिल्यांदा खात्रीनं मोजले ते बेसेलनं, १८३८ साली. हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा तो पराशय भरला विकलेचा जेमतेम तिसरा भाग. टायकोच्या आवाक्यापेक्षा जवळजवळ दोनशेपट बारीक.

आठवड्यानं ती पाचवा मसुदा घेऊन आली. पहिलं वाक्य होतं: "पृथ्वी फिरत असती तर टायकोला तारे हलताना दिसायला हवे होते, आणि ते हलले नाहीत."