आगळाच्या लेबलपासून गणपतीच्या तिकिटापर्यंत: फुकटात होणारी कामं आणि ती कशी करायची

आमची काकी कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, करते. इतकी वर्षं ते कुठल्याही जुन्या बाटलीत भरून मुंबईच्या पाव्हण्यांसोबत जायचं, पैसे कोणी दिले तर दिले. गेल्या मे महिन्यात तिचा फोन आला, "बाटलेर चिकटवचो कागद करून दी मरे, गिराईक नाव इचारतत." मी म्हटलं तालुक्याला जाऊन प्रेसवाल्याकडून करून घेऊ, तर तिचं उत्तर ठरलेलं, पैसे कोण देतलो? मग बसलो मोबाईल घेऊन आणि त्या एका लेबलच्या नादात जे जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण आता वाडीत कोणाचंही काही अडलं की माझ्याकडेच येतात आणि तेच तेच दहा वेळा सांगून घसा बसलाय.

आधी एक सांगतो. पन्नास अ‍ॅप्स टाकू नका, फोन भरतो आणि वापरात येतात दोन. माझी टूल निवडायची पद्धत सोपी आहे, नेट गेलं तर काम अडतं का आणि आपली फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते का, एवढंच बघतो. देवगड तालुक्यात पावसात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरपण झोपतो, तेव्हा "क्लाऊड" म्हणजे फक्त डोक्यावर असतात तेच.

तर लेबल. पहिलं काम फोटो. बाटली पडवीत ठेवा, सकाळच्या उजेडात, मागे पांढरी चादर, फ्लॅश बंद. आगळ काचेत काळं दिसतं म्हणून बाटलीच्या मागून थोडा उजेड येईल असं बघा, मग तो गडद लाल रंग उठतो. मागचं बॅकग्राउंड काढायला रिमूव्ह डॉट बीजी आहे, काम झकास करतं पण फुकटात मिळणारा फोटो लहान असतो, वॉट्सअ‍ॅपला ठीक, छपाईला नाही. अ‍ॅडोबी एक्सप्रेसमध्ये अकाउंट उघडलं की बॅकग्राउंड फुकट काढता येतं. आयफोन असेल तर काहीच नको, आयओएस १६ पासून फोटोतल्या बाटलीवर बोट दाबून धरलं की ती सुटी होऊन उचलता येते. आमच्याकडे आयफोन फक्त मुंबईहून येणाऱ्या भाच्याकडे, म्हणून तो येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

डिझाईन कॅनव्हात केलं. तिथे "कस्टम साइज" घेऊन माप सरळ मिलिमीटरमध्ये टाका, बाटलीभोवती आधी सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा, अंदाजपंचे करू नका (मी केलं होतं, लेबल दोन बोटं कमी पडलं). ज्या चित्रावर छोटा मुकुट दिसतो ते पैसेवालं, त्याच्या नादाला लागायचं नाही, बाकीच्यातच भरपूर आहे. लेबलवर काय हवं ते आधी वहीत लिहा, नाव, निव्वळ वजन किंवा माप, बनवल्याची तारीख, बॅच, घटक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, आणि विकायचं असेल तर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांचा परवाना देणारं सरकारी खातं) १४ आकडी नंबर. तो नंबर काढायला काकीला तयार करण्यातच महिना गेला, ते जाऊ दे.

आता खरी गंमत फॉन्टची. फुकट आणि चांगले देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर ढिगाने आहेत. मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांचा मुक्ता बारीक मजकुराला उत्तम, घटक, पत्ता वगैरेला तोच वापरा. त्यांचाच बालू जाडजूड, गोलमटोल, नावाला छान. यात्रा वन म्हणून एक आहे, रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा, तो मी "आगळ" या शब्दाला वापरला आणि काकी म्हणाली, "ह्या टेशनावरच्यासारख्या दिसता," ते कौतुक होतं की तक्रार ते मला अजून कळलेलं नाही. फॉन्ट घ्यायच्या आधी त्यात "खऱ्या कोकमाचं" हे दोन शब्द लिहून बघा. "ऱ्या" नीट आला तर फॉन्ट मराठीला चालतो, आणि "खर्या" असं डोक्यावर रफार येऊन बसलं तर बहुतेक वेळा टायपिंग चुकलंय. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे मारलं की "ऱ" मिळतो, मग हलन्त आणि मग "य". फोनवर मराठी जीबोर्डला (गूगलचा कीबोर्ड) इंग्रजी अक्षरात शब्द पूर्ण लिहा, खालच्या सुचवणीत बरोबर शब्द येतो.

एवढं सगळं करून प्रेसमध्ये गेलात की दुसरं नाटक. बहुतेक प्रेसवाले कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडतात आणि तिथे आपली जोडाक्षरं फुटतात, "सिंधुदुर्ग"चं "सिंधुदुर् ग" होतं, आणि तो म्हणतो तुमची फाईल खराब आहे. म्हणून कॅनव्हातून डाऊनलोड करताना "पीडीएफ प्रिंट" घ्या आणि खाली "फ्लॅटन" असा चौकोन असतो त्यावर टिक करा, मग अक्षरांचं चित्र होतं आणि फुटायला काही उरत नाही. शिवाय एक पीएनजी पण ठेवा, आणि छापायच्या आधी एक कागद साध्या प्रिंटरवर काढून बाटलीला गुंडाळून बघा.

लेबलवर क्यूआर कोड टाकायचा होता, आणि इथे मी शेण खाल्लं. नेटवर "फ्री क्यूआर" शोधलं, पहिलीच साइट उघडली, कोड केला, आणि तोच आमच्या आंब्याच्या पेट्यांना लावायला ५०० स्टिकर छापले. दोन आठवडे मस्त चाललं. मग गिऱ्हाईकांचे फोन, स्कॅन केलं की "ट्रायल संपली, पैसे भरा" असं येतंय. ऐन सीझनला, पेट्या ट्रान्सपोर्टमध्ये, आणि स्टिकर काय उपटून काढणार? झालं असं की त्या साइटने कोडात माझी लिंक घातलीच नव्हती, स्वतःची लिंक घातली होती आणि तिथून माझ्याकडे वळवत होती, याला डायनॅमिक कोड म्हणतात, वळवणं बंद केलं की खेळ खल्लास. आपल्याला हवा स्टॅटिक कोड, ज्यात लिंक थेट ठिपक्यांतच भरलेली असते, तो कधीच संपत नाही आणि कोणी बंद करू शकत नाही. ओळखायचं कसं, तर फोनचा कॅमेरा कोडावर धरा, उघडायच्या आधी वर लिंक दिसते. तिथे तुमचीच लिंक दिसली पाहिजे, मधल्या कुणाचं नाव दिसलं तर तो कोड फेकून द्या. आणि साइट शोधायचीच गरज नाही खरंतर, क्रोममध्ये कुठलंही पान उघडून शेअरवर गेलात की क्यूआर कोड बनवायचा पर्याय तिथेच आहे, फुकट आणि स्टॅटिक.

कोडात काय घालायचं? आमच्यासारख्यांना वेबसाइट कशाला हवी, वॉट्सअ‍ॅपची लिंक घाला. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच पुढे दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह नको, मध्ये जागा नको. स्कॅन केलं की सरळ चॅट उघडतं. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका, चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडा, आणि आगळाच्या लाल रंगावर पांढरा कोड वगैरे हौस करू नका, पांढऱ्यावर काळा बरा. छपाईला द्यायच्या आधी तीन वेगवेगळ्या फोनांनी स्कॅन करा, त्यातला एक तरी काकीच्या फोनसारखा, काच फुटलेला.

पत्त्याचं दुखणं तर तुम्हाला सांगायलाच नको. आमचा पत्ता म्हणजे सड्यावरच्या वडाकडून खाली उतरा, चिऱ्याच्या गडग्याला लागून पाणंद, ती संपते तिथे. दोन वर्षांपूर्वी घराच्या दोन खोल्या पाव्हण्यांना द्यायला सुरू केल्या, नकाशावर पिन मीच टाकली, बोट सरकलं आणि ती पडली विजयदुर्ग खाडीच्या पलीकडे. पुण्याचं कुटुंब रात्री साडेनऊला फोन करतं, आम्ही पोचलो, तुमचं घर दिसत नाही. बघतो तर ते रत्नागिरी जिल्ह्यात उभे, आम्ही सिंधुदुर्गात, मध्ये पाणी. त्यानंतर मी प्लस कोड वापरतो. गूगल मॅप्समध्ये झूम करून आपल्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर, बोट दाबून धरा, पिन पडली की खाली माहितीत एक छोटा कोड येतो, मध्ये अधिकचं चिन्ह आणि पुढे गावाचं नाव. पूर्ण कोड दहा अक्षरांचा असतो आणि तो साधारण १४ मीटर बाय १४ मीटरची जागा दाखवतो, म्हणजे आपलं खळं नि पडवी. त्यात स्वर मुद्दाम ठेवलेले नाहीत म्हणजे चुकून भलता शब्द तयार होत नाही, शून्य आणि एक पण नाहीत म्हणजे फोनवर सांगताना घोळ होत नाही. हाच कोड कुरिअरवाल्याला, गॅसवाल्याला, आणि देव करो वेळ न येवो पण अ‍ॅम्ब्युलन्सलाही सांगता येतो. एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवा. पाव्हण्यांना निघायच्या आधीच सांगा की मॅप्समध्ये आमच्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाऊनलोड करून ठेवा, घाट उतरल्यावर रेंज शोधत बसू नका.

हिशेब. आंब्याची वही मी बंद नाही केली, वही वहीच, पण सोबत गूगल शीट ठेवतो. रकाने साधेच, तारीख, गिऱ्हाईक, गाव, किती डझनी पेटी, किती पेट्या, भाडं, पैसे आले का. "पैसे आले का" मध्ये हो-नाही असा ड्रॉपडाउन लावा, नाहीतर एक जण "होय" लिहितो, दुसरा "आले", तिसरा नुसती टिक, मग गाळून बघताच येत नाही. सम-इफ हे एकच सूत्र शिका, "नाही"वाल्यांची रक्कम आपोआप खाली येते आणि ती बघून मे अखेरीला बीपी वाढतं. फाईलवर "ऑफलाइन उपलब्ध" चालू करा म्हणजे आंब्याच्या कलमांच्या बागेत उभं राहून रेंज नसताना लिहिता येतं, नेट आलं की जुळतं. मात्र ऑफलाइन असताना दोघांनी एकाच ओळीत लिहू नका, नंतर कोणाचं खरं यावरून भावाभावांत वाद.

टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डचा माईक मराठीवर ठेवून बोला, त्याला प्रमाण मराठी छान कळते, मालवणी बोललात की काहीच्या काही लिहितो. काकी त्याला शिव्या घालते आणि तो त्याही चुकीच्या लिहितो.

फोटो आणि फॉर्म. नोकरभरतीच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत मागतात आणि पोरं सायबर कॅफेत पैसे देऊन येतात. स्क्वूश डॉट अ‍ॅप उघडा, फोटो टाका, रुंदी कमी करा, क्वालिटीची पट्टी डावीकडे सरकवा, खाली केबी लगेच दिसतात, हवे तेवढे झाले की डाऊनलोड. हे गूगलच्याच क्रोमवाल्यांनी केलेलं आहे आणि फोटो कुठे अपलोड होत नाही, काम आपल्या ब्राउझरमध्येच होतं. लॅपटॉप असेल तर फोटोपिया बघा, फोटोशॉपसारखंच, त्याची पीएसडी फाईलसुद्धा उघडतं, बाजूला जाहिराती दिसतात तेवढ्या सोसायच्या. पीडीएफ जोडायला-तोडायला आयलव्हपीडीएफ सोयीचं, पण आधार, पासबुक, सातबारा असल्या गोष्टी कुठल्याच साइटवर चढवू नका. गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमधलं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं की कागद स्कॅन होऊन पीडीएफ होते, ती आपल्याच खात्यात राहते. फक्त ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी आहे आणि त्यातच जीमेल आणि फोटो पण, तेव्हा शिमग्याचे व्हिडिओ तिथे कोंबू नका.

वाऱ्यापावसाचं थोडक्यात. विंडी डॉट कॉमवर वारा आणि लाटा नकाशावर हलताना दिसतात, खाली अंदाजाचं मॉडेल बदलता येतं, ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) आणि जीएफएस (अमेरिकेचं) दोन्ही बघा, दोघं एकच सांगत असतील तर थोडा भरवसा. पण होडी काढायची की नाही हे त्यावरून ठरवू नका, त्याला हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा इशारा. वीज कडकडायला लागली की पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप, ते विजेचा इशारा देतं. समुद्राच्या भरतीच्या वेळेसाठी साइट आहेतच, पण आमचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात, अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. मी दोन्ही ताडून बघितलं, थोडं मागेपुढे होतं पण नेटशिवाय चालणारं याहून फुकट काय असणार.

शेवटी गणपतीचं तिकीट. आता रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता, आधी १२० होते ते १ नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाले. बोटांवर मोजलं की हमखास एक दिवस चुकतो, म्हणून टाइम अँड डेट डॉट कॉमवर तारखेतून दिवस वजा करायचं पान आहे तिथे टाका. समजा १२ सप्टेंबरची गाडी हवी, तर ६० वजा केले की १४ जुलै. ती तारीख गूगल कॅलेंडरमध्ये सकाळी साडेसातला लावा, आदल्या रात्रीची एक आठवण वेगळी, आणि कॅलेंडर मुंबईतल्या भावासोबत शेअर करा कारण त्याच्याकडे नेट धड चालतं. त्याला सांगा, आठला बुकिंग उघडतं, त्याआधी प्रवाशांची नावं यादीत भरून ठेव. एवढं करूनही वेटिंग आलं तर माझ्याकडे येऊ नका, त्याला अजून टूल सापडलेलं नाही.