जुळ्या कोकरांची बाटली तोडण्यापूर्वीची तयारी

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे जुळे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. ती ज्या कळपांत आली, तेथे जुळ्या कोकरांना वरचे दूध पाजण्याचे कामही वाढले. दोघांना पुरेल इतके दूध आईच्या कासेत नेहमीच नसते, म्हणून बाटली लावली जाते. ती तोडायची, म्हणजे वरचे दूध बंद करायची, वेळ आली की बहुतेक जण कोकराचे वय मोजतात. माझ्या मते वयापेक्षा वजन आणि खुराक पाहावा. सहा आठवड्यांच्या आत बाटली तोडण्याचा विचारच करू नये. त्यानंतरही जन्मवजनाच्या किमान अडीच ते तीन पट वजन भरले आहे आणि कोकरू सलग तीन दिवस रोज सुमारे २०० ग्रॅम खुराक खात आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय हात घालू नये. त्यासाठी जन्मवजनाची नोंद आणि एक ताणकाटा हाताशी हवा, आणि वजन दर वेळी सकाळी, दूध पाजण्याआधीच करावे.

खुराकाची तयारी मात्र बरीच आधी, कोकरू दोन आठवड्यांचे असतानाच सुरू व्हायला हवी. चोखताना दूध मेंढीच्या चार पोटांपैकी पहिल्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाते, त्यामुळे नुसत्या दुधावर पहिले पोट वाढत नाही. भरडा तेथे आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांनीच त्याचे आतले अस्तर वाढते आणि चारा पचवण्याजोगे होते. वाड्याच्या एका कोपऱ्यात कोकरू शिरेल पण मेंढी शिरणार नाही अशा फटींचा कप्पा करून त्यात मक्याचा भरडा, शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड, गव्हाचा कोंडा, थोडे मीठ आणि मेंढ्यांसाठीचेच खनिज मिश्रण ठेवावे. गाई-म्हशींचे मिश्रण वापरू नये, कारण त्यातील तांबे मेंढीला विषारी ठरू शकते. युरिया असलेले पशुखाद्यही कोवळ्या पिलांना देऊ नये. गव्हाणीत उरलेला ओलसर, आंबूस खुराक रोज काढून टाकावा आणि तो तोलूनच टाकावा, म्हणजे किती खाल्ले गेले हे कळते. सोबत लसूणघासाची सुकवलेली पेंढी आणि स्वच्छ पाणी हवेच. पाणी कमी पडले की कोरडा खुराकही कमी खाल्ला जातो.

कोणती बाटली आधी बंद करायची हे कळपाच्या दिनक्रमावरून ठरवावे. मेंढ्या दिवसभर चरायला जातात आणि कोकरे वाड्यावर मागे राहतात, तेथे संध्याकाळची बाटली आधी तोडावी, कारण त्या वेळी आई भरल्या कासेने परतलेली असते. चार-पाच दिवसांनी सकाळची बंद करावी आणि दुपारची शेवटी, तीही त्याआधी ताजा खुराक पुढे ठेवून. दुधात पाणी वाढवत नेण्याची पद्धत मला पटत नाही. पोट पाण्याने फुगते, भूक मरते आणि कोकरू गव्हाणीकडे फिरकत नाही. या काळात आईची कास रोज हाताने पाहावी, कारण भुकेली कोकरे सड जास्त ओढतात आणि जखमेतून कासदाह (कासेची सूज) होऊ शकतो.

जंताचे औषध, लसीकरण, शेपटी कापणे किंवा जागा बदलणे यांपैकी काहीही बाटली तोडण्याच्या आठवड्यात करू नये. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांनी मुक्काम हलवण्याच्या दिवसांतही बाटली तोडू नये. खुराक वाढला की आंत्रविषाराचा (आतड्यात जंतूंचे विष तयार होऊन होणाऱ्या रोगाचा) धोका वाढतो, म्हणून त्या लसीचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून आधीच ठरवून घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रक्तमिश्रित हगवण दिसू लागल्यास ती कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण असण्याची शक्यता असते. असे कोकरू बरे होईपर्यंत बाटलीवरच ठेवावे.

शेवटची बाटली बंद झाल्यावर दोन-तीन दिवस कोकरू ओरडते आणि वजनही थबकते, त्याने घाबरू नये. निवांत बसून ते रवंथ करते का, संध्याकाळी डावी कूस भरलेली लागते का आणि लेंड्या घट्ट आहेत का, हे पाहावे. आठवड्याभरानंतरही वजन उतरतच असेल किंवा ते दुसऱ्या कोकराची लोकर चोखत असेल, तर दुपारची एक बाटली पुन्हा सुरू करून दहा दिवसांनी नव्याने वजन करावे.