वाक्य स्वतःबद्दलच बोलायला लागलं तर काय करायचं

भिंतीवर 'येथे काहीही लिहू नये' असं रंगवलेलं दिसलं की कोणीतरी पॅरडॉक्स पॅरडॉक्स करत फोटो टाकतोच. तो पॅरडॉक्स, म्हणजे खरं धरलं तर खोटं आणि खोटं धरलं तर खरं ठरणारं वाक्य, नाहीये हो. ती आज्ञा आहे, आज्ञा खरी-खोटी नसते, फार तर लिहिणाऱ्याने स्वतःच मोडलीये. म्हणून आधी बघायचं की वाक्य काही दावा करतंय का.

करत असेल तर त्यातलं 'हे' किंवा 'या' कुठे बोट दाखवतंय ते धरा. वहीत लिहा: या वाक्यात बारा अक्षरं आहेत. आता मोजा, 'या' एक, 'वाक्यात' तीन, 'बारा' दोन, 'अक्षरं' तीन, 'आहेत' तीन, झाले १२ (जोडाक्षर एकच धरायचं). चक्क खरं! बाराच्या जागी तेरा टाका, अक्षरं १२च राहतात म्हणून खोटं, अकरा टाका तर तो शब्दच तीन अक्षरी, एकूण १३, परत खोटं. म्हणजे वाक्य स्वतःबद्दल बोललं म्हणून लगेच बिघडत नाही, बरेच जण इथेच घसरतात.

नकार देताना मात्र जपून. 'या वाक्यात पाच शब्द आहेत' हे खरं. 'या वाक्यात पाच शब्द आहेत असं नाही' यात सात शब्द, म्हणून हेही खरं! विधान आणि त्याचा नकार दोन्ही खरे कसे काय, तर 'या'ने मधल्यामधे पार्टी बदलली, आधी ते पहिल्या वाक्याकडे बोट दाखवत होतं, आता दुसऱ्याकडे.

आता 'हे वाक्य खोटं आहे'. खरं धरा, मग ते म्हणतं तसं खोटं. खोटं धरा, मग ते म्हणतं तसंच झालं की, म्हणजे खरं. दोन्हीकडून उलटत असेल तरच पॅरडॉक्स म्हणा. 'हे वाक्य खरं आहे' कुठूनच उलटत नाही, पण तपासणार कसं? 'पाऊस पडतोय' तपासायला खिडकी आहे, इथे खिडकीच नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने १९७५ मध्ये हेच धरलं, की खरेपणाला शेवटी कुठेतरी जमीन लागते, म्हणजे खरं-खोटं या शब्दांच्या बाहेरचं काहीतरी तपासायला लागतं, आणि या दोन्ही वाक्यांना ती मिळत नाही. त्याआधी १९३३ मध्ये पोलिश तर्कशास्त्रज्ञ टार्स्कीचा उपाय असा की एखाद्या भाषेतल्या वाक्यांना खरं-खोटं म्हणायचं ते तिच्या वरच्या पायरीवरच्या भाषेतून. कागदावर एकदम चोख, पण आपण मराठीला मराठीतच खोटं म्हणतो त्याचं काय?

मला आपला जुना संस्कृत व्याकरणकार भर्तृहरी जास्त पटतो. 'मी बोलतो ते सगळं खोटं' या वाक्याबद्दल वाक्यपदीय या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की बोलणाऱ्याला त्या 'सगळं'मध्ये हे वाक्य धरायचंच नसतं, नाहीतर जे सांगायला तोंड उघडलं तेच पोचणार नाही. चहाच्या टपरीवर कोणी असं बोललं तर आपणही तसंच समजून घेतो ना!

एक शेवटचं. कागदाच्या एका बाजूला लिहा 'मागच्या बाजूचं वाक्य खरं आहे', उलटून लिहा 'मागच्या बाजूचं वाक्य खोटं आहे'. यातलं एकही स्वतःबद्दल बोलत नाही, त्यामुळे नुसतं 'हे' शोधून भागणार नाही. प्रत्येक वाक्यातून ते ज्याच्याबद्दल बोलतंय तिकडे बाण काढत जा, दुसऱ्याच बाणाला पहिल्या बाजूला परत याल, म्हणजे दोघं मिळून फिरून स्वतःबद्दलच बोलतायत.