एक्स्चेंजचा डेटाबेस ऑफलाइन डीफ्रॅग कधी करायचा आणि कसा

मेल सर्व्हरची डिस्क भरत येऊन लाल दिसायला लागली की अ‍ॅडमिनचा हात आपोआप ईएसईयूटिलकडे, म्हणजे एक्स्चेंजचा डेटाबेस तपासायच्या-दुरुस्त करायच्या कमांडकडे जातो. मेल बंद ठेवून डेटाबेसची फाइल रिकाम्या जागेशिवाय नव्याने लिहायची, हाच ऑफलाइन डीफ्रॅग. जरा थांबा. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर पुसलेल्या मेलची जागा स्वतःच मोकळी करतं आणि नवे मेल आधी त्याच जागेत बसवतं. ईडीबी, म्हणजे डेटाबेसची फाइल मात्र आक्रसत नाही. नुसती फाइल मोठी दिसते म्हणून मेल बंद पाडायचा नसतो.

आधी रिकामी जागा मोजा. एक्स्चेंजच्या कमांड खिडकीत, म्हणजे शेलमध्ये, गेट-मेलबॉक्सडेटाबेस -स्टेटस चालवून ‘अव्हेलेबल न्यू मेलबॉक्स स्पेस’चा आकडा बघा. शंभर मेलबॉक्स काल उडवले आणि आज आकडा हलला नाही, तर घाबरू नका: मूळ सेटिंगमध्ये उडवलेला मेलबॉक्स ३० दिवस आणि पुसलेले मेल १४ दिवस राखून ठेवलेले असतात.

समजा फाइल ३०० जीबीची आहे, त्यात २०० जीबी रिकामी आहे आणि ती पुन्हा भरणार नाही. तरी माझं मत, नवा डेटाबेस काढा, मेलबॉक्स तिकडे हलवा, जुना उडवा. लोकांचं काम चालू राहतं. मायक्रोसॉफ्टही हेच सुचवतं. फक्त हलवाहलवीत लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली) भराभर वाढतात, त्यांच्या डिस्कवर नजर ठेवा. ऑफलाइन डीफ्रॅगलाही जवळपास तेवढीच मोकळी जागा लागते, मग मेल बंद ठेवून मिळवलं काय?

हलवणं जमतच नसेल, तर मात्र डीफ्रॅगची वेळ आली. नाइलाजाने ईएसईयूटिल /पी वापरून डेटाबेस दुरुस्त केला असेल, तर पूर्वी डीफ्रॅग करत; २०१५ पासून मायक्रोसॉफ्ट अशा वेळीही मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवायला सांगतं.

१. पूर्ण बॅकअप घ्या.

२. उरणाऱ्या डेटाच्या ११० टक्के जागा हवी, वरच्या उदाहरणात ११० जीबी. वेळेला मायक्रोसॉफ्टचा जुना अंदाज ताशी ९ जीबी, हार्डवेअरनुसार कमीजास्त. म्हणजे १०० जीबीला अकराएक तास धरा आणि ऑफिसला तसं आधीच कळवा.

३. डेटाबेस डिसमाउंट, म्हणजे बंद करा. ईएसईयूटिल /एमएच मध्ये ‘क्लीन शटडाउन’ (नीट बंद झाला) दिसलं पाहिजे. ‘डर्टी’ दिसलं तर आधी /आर ने लॉग लावून घ्या.

४. मग डीफ्रॅगसाठी ईएसईयूटिल /डी, आणि सोबत /टी देऊन तात्पुरत्या फाइलची जागा सांगा. हे विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. फाइल चालू फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर बनत गेली आणि पहाटे तीनला जागा संपली. मूळ फाइल अगदी शेवटी बदलली जाते, म्हणून डेटा वाचला. रात्र मात्र फुकट गेली.

५. डेटाबेस माउंट, म्हणजे पुन्हा चालू करा, एक मेल पाठवून बघा आणि लगेच पुन्हा पूर्ण बॅकअप घ्या. डीफ्रॅगनंतर डेटाबेसची सही (सिग्नेचर, त्याची आतली ओळख) बदलते, त्यामुळे जुन्या बॅकअपवर नवे लॉग चढत नाहीत. डॅग, म्हणजे एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवायची सोय असेल, तर बाकीच्या प्रतीही नव्याने सीड कराव्या, म्हणजे पुन्हा पूर्ण कॉपी कराव्या लागतात.