पोर जेवत नाही? आधी दिवसभराचं दूध मोजा, मग या चुका टाळा

आमचा बाबू सव्वा वर्षाचा झाला आणि त्याचं जेवणच बंद पडलं, म्हणजे मला तेव्हा तसंच वाटलेलं. नवव्या महिन्यात आ वासून बसणारं पोर आता घास दिसला की तोंड फिरवायचं, सासूबाई रोज तिन्हीसांजेला "पोर काय्येक खाणा नाय गो" म्हणून सुरू व्हायच्या, शेजारची काकी टॉनिकचं नाव सांगून जायची आणि मी वाटी घेऊन तुळशीपासून विहिरीपर्यंत त्याच्या मागे मागे.

शेवटी वैतागून एक दिवस कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं की याच्या पोटात नक्की जातंय काय. सातला दुधाची बाटली. साडेआठला आजोबांच्या चहात बुडवलेली दोन बिस्किटं. दहाला परत बाटली. साडेबाराला पेज, दोन चमचे आणि रडारड, रडला म्हणून परत बाटली, चारला बिस्किट, आणि रात्री झोपवताना बाटली तर ठरलेलीच. बेरीज केली तर दूधच 900 मिलीच्या आसपास. मग बिचारा जेवणार कुठे!

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. वर्ष झाल्यावर दूध दिवसाला 400 ते 500 मिली भरपूर झालं. त्याहून जास्त गेलं की भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर ते बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. चहाचंही तेच, त्यामुळे "घोटभरच देतोय" हे आजोबांना प्रेमाने पण ठामपणे बंद करायला सांगा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला होता, म्हणजे हे कुणा दुसऱ्याच्या घरचं नाहीये. आशाताई लोहाचं सिरप देतात ना, आठवड्यातून दोनदा 1 मिली, ते फ्रिजवर धूळ खात ठेवू नका.

आम्ही बाटली माळ्यावर टाकली आणि दूध कपातून, तेही जेवण झाल्यावर. पहिले तीन दिवस घरात नुसता गोंधळ, नवरा म्हणाला दे बाई एकदाची, मीपण जवळजवळ दिलीच होती. पाचव्या दिवशी वाटीभर आटवल, म्हणजे मऊ खिचडी, खाल्ली पोराने. आपणहून.

अजून एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर माझी निम्मी रडारड वाचली असती. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणजे भूक कमी होणारच. कोंबून भरवलं, मोबाईल लावून भरवलं तर पोट भरलेलं त्यालाच कळेनासं होतं. काय आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. तीन जेवणं आणि मधे दोनदा खाऊ, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी.

आता पेज. आपल्याकडे पेज म्हणजे सगळ्यावर औषध, पण पातळ पेज म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, इवलंसं पोट तेवढ्यानेच भरतं आणि तासाभरात पोर परत किरकिर करतं. चमचा तिरका करून बघा, पेज घळकन सांडली तर अजून आटवा, मूगडाळ घाला, वर चमचाभर तूप नाहीतर नारळाचं जाड दूध. नाचणी सत्वाचं पण मला पटत नाही (सासूबाईंनी वाचू नये). गाळताना चोथ्याबरोबर नाचणीचं बरंच काही निघून जातं आणि मग त्यात गूळ. नाचणी भिजवून मोड आणून वाळवून सरळ दळून आणा, त्याचं घावन नाहीतर खीर करा. आणि गूळ म्हणजे लोह असं समजू नका, ती साखरच, दोन वर्षांपर्यंत वरून गोड काही नको. गोडीला वेलची केळं कुस्करून घाला.

मासे जरूर द्या, पण मुशी (लहान शार्क) नको, तिच्यात पारा जास्त असतो. बांगडा उकडून ताटात पसरा आणि दोन बोटांत चुरत चुरत जा, बारीक काटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतो. एवढं करायला वेळ नसेल त्या दिवशी अंडं द्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घरोघरी सुकं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी, निघतं, ते पोरांसाठी फार खारट. त्यापेक्षा बिनतिखटाची कुळथाची पिठी मऊ भातावर, वर लिंबू पिळून, कारण लिंबाने डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. घरच्या आमटी-उसळीतलंच द्यायचं असेल तर मीठ-मसाला पडायच्या आधी बाबूची वाटी बाजूला काढायची, एवढीच एक सवय.

अख्खे काजू, शेंगदाणे, फणसाची आठळी, जांभळाची बी, काहीही हातात देऊ नका, घशात अडकतं. काजूची पूड, आठळी उकडून कुस्करून.

शी घट्ट होत असेल तर आधी परत दूधच मोजा, मग पपई आणि पाणी वाढवा. भाजी थुंकली तर लगेच "त्याला आवडत नाही" ठरवू नका, दहा-पंधरा वेळा पुढे आली की कधीतरी तोंडात जाते. आमच्याकडे शेवग्याचा पाला नवव्यांदा गेला, दुधी अजून भिंतीवरच जातोय.

पण पोर पांढुरकं दिसत असेल, माती खात असेल किंवा अंगणवाडीत वजनाची रेघ दोन-तीन महिने आडवीच जात असेल तर हे सगळं ठेवा बाजूला आणि डॉक्टरांना दाखवा.