प्रोटोबफ-नेटमध्ये मूळ क्लासच्या प्रॉपर्टीज गहाळ होतात तेव्हा

प्रोटोबफ-नेट ही सी-शार्पचे ऑब्जेक्ट प्रोटोबफ फॉरमॅटच्या बाइटमध्ये लिहिणारी (सिरियलाइज करणारी) लायब्ररी. सी-शार्पमध्ये 'बस : वाहन' असा वारसा लिहिला, फक्त बसवर प्रोटोकॉन्ट्रॅक्ट ('हा क्लास लिहायचा' अशी खूण) लावला, सिरियलाइज केलं. एरर येत नाही. परत वाचलं की वाहनकडून आलेल्या प्रॉपर्टीज रिकाम्या. प्रोटोबफच्या फॉरमॅटला वारसा कळतच नाही. त्यात जातात फक्त फील्ड क्रमांक आणि व्हॅल्यू. नातं आपणच प्रोटोइन्क्लूडने नोंदवायचं, आणि तेही मूळ क्लासवर.

पुण्याच्या पीएमपीच्या बसचं उदाहरण घेऊ (प्रोटोमेंबरमधला आकडा म्हणजे फील्ड क्रमांक):

[प्रोटोकॉन्ट्रॅक्ट]
[प्रोटोइन्क्लूड(१०, टाइपऑफ(बस))]
क्लास वाहन
– [प्रोटोमेंबर(१)] स्ट्रिंग डेपो
– [प्रोटोमेंबर(२)] इंट किमी

[प्रोटोकॉन्ट्रॅक्ट]
क्लास बस : वाहन
– [प्रोटोमेंबर(१)] इंट आसने

दोन्हीकडे १ आहे, तरी टक्कर नाही. बसचा भाग वाहनच्या आत, १० क्रमांकाच्या वेगळ्या मेसेजमध्ये जातो. जपायचं ते एवढंच, की हा १० वाहनच्या स्वतःच्या कुठल्याही फील्डला दिलेला नसावा. पुढे बसपासून ई-बस काढली, तर तिची नोंद बसवर करायची, वाहनवर नाही.

आता बाइट मोजू. डेपो 'स्वारगेट', किमी १५०, आसने ४२. सुरुवातीचे चार बाइट ८२, २, ८, ४२. उपक्लासचा भाग आधी लिहिला जातो, म्हणजे वाचताना कुठला ऑब्जेक्ट बनवायचा ते लगेच कळतं. ८२ हा टॅग, म्हणजे फील्ड क्रमांक आणि व्हॅल्यूचा प्रकार एकत्र: १० × ८ + २. या बेरजेतला २ सांगतो की पुढे लांबी येणार; ती म्हणजे दुसरा बाइट, २. मग ८ हा आसनेचा टॅग आणि ४२ त्याची व्हॅल्यू. 'स्वारगेट'ची ८ कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट घेतात, त्यावर टॅग आणि लांबीचे २. किमीला ३. एकूण ३३.

१ ते १५ क्रमांकांचा टॅग एका बाइटात मावतो, १६ ते २०४७ ला दोन लागतात. तरीही मूळ क्लास वाढत जाणार असेल तर प्रोटोइन्क्लूडला खुशाल १०० पासून क्रमांक द्या. एक बाइट गेला तरी चालेल, टक्कर परवडत नाही. आणि डेटा एकदा साठवला की क्रमांक बदलायचा नाही. काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांकही दुसऱ्याला द्यायचा नाही.

मूळ क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीत असेल तर ॲट्रिब्यूट लावता येत नाही. तेव्हा रनटाइम-टाइप-मॉडेलमध्ये (प्रोटोबफ-नेटची क्लासची नोंद, कोडमधून बदलता येणारी) तो क्लास ॲड करून त्यावर ॲड-सब-टाइप वापरा. हे प्रोग्राम सुरू होतानाच, पहिल्या सिरियलायझेशनच्या आधी उरका.

सगळ्यात फसवी चूक कन्स्ट्रक्टरची. वाहनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'चालू = ट्रू' आहे आणि बस डेपोत बंद पडलीय. फॉल्स ही डीफॉल्ट व्हॅल्यू, म्हणून ती लिहिलीच जात नाही; वाचताना कन्स्ट्रक्टर ट्रू भरतो आणि बंद बस चालू दिसते. त्या प्रोटोमेंबरवर 'इज-रिक्वायर्ड = ट्रू' लावा.

तपासताना बसचा ऑब्जेक्ट वाहन म्हणून लिहा आणि वाहन म्हणूनच वाचा. प्रोटोइन्क्लूड राहिला असेल तर लिहितानाच 'अनएक्स्पेक्टेड सब-टाइप' एरर येईल. वाचण्याआधी मेमरी-स्ट्रीमची पोझिशन ० करा, नाहीतर हाती रिकामं वाहन येतं आणि दोष उगाच वारशावर जातो.