पुण्यात सिएरा नेवाडासारखी पेल एल

सिएरा नेवाडा पेल एल या अमेरिकन बिअरचा सगळा जीव कॅस्केड हॉप्समध्ये (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांमध्ये) आहे. तिथे काटकसर नको. परवान्याचे नियम तेवढे आधी बघून घ्या.

२० लिटरला ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), ३५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवा, गाळून तासभर उकळा. कडूपणाला पर्ल हॉप्स सुरुवातीलाच. कॅस्केड शेवटच्या १० मिनिटांत आणि पुन्हा गॅस बंद केल्यावर, प्रत्येक वेळी ३० ग्रॅम. पपनसाच्या सालीसारखा वास घरभर सुटला पाहिजे.

रस थंड झाल्यावर यीस्ट घालायचं, आणि खरी कसोटी त्याचीच. यूएस-०५ या एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, आणि पुण्याचा एप्रिल चाळिशीला टेकतो. म्हणून मी बिअर डिसेंबर-जानेवारीतच आंबायला लावते: भांडं पाण्याच्या टबात, वर ओला पंचा, पारा चढलाच तर टबात बर्फाची बाटली. दोन आठवडे झाकण उघडू नका. बाटल्या भरताना फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर पुरे.